घोड्याचा सांधा काचेच्या भांड्यात

शर्यतीच्या घोड्याचे वजन साधारण साडेचारशे ते पाचशे किलो. तो भरधाव दौडत असताना काही क्षण असे येतात की सारा भार पुढच्या एकाच पायावर पडतो. त्या क्षणी त्या पायाला घोड्याच्या वजनाच्या दुपटीहूनही अधिक ताण सोसावा लागतो. खुराच्या वरचा सांधा आणि त्याच्या वरचा ‘गुडघा’ यांची त्यात सर्वाधिक झीज होते. गंमत अशी, की घोड्याच्या पुढच्या पायाचा हा ‘गुडघा’ म्हणजे खरे तर आपले मनगट. त्याचा खरा गुडघा मागच्या पायात, पोटाजवळ असतो.

सांधा सुजला, घोडा लंगडू लागला, की डॉक्टर सुई थेट सांध्यात घालून औषध देतात. भूल देणारी औषधे, मॉर्फिन, स्टिरॉइड अशी अनेक औषधे या मार्गाने दिली जातात. गोळी किंवा शिरेतले इंजेक्शन साऱ्या शरीरभर पसरते. सांध्यातले औषध मात्र जिथे दुखते तिथेच पोहोचते. मॉर्फिन थोड्या प्रमाणात थेट सांध्यात दिले तरी वेदना कमी होते, हे १९९१ मध्ये माणसांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियांनंतर दिसून आले. दाह झालेल्या सांध्यात घोड्यांनाही त्याचा उपयोग होतो, असे डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले.

मग अडचण कुठे आहे?

औषध किती वेळ टिकते?

सांधा ही बंद कुपी नाही. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. मध्ये अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा बुळबुळीत द्रव असतो आणि भोवती पातळ अस्तर. या अस्तरात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. आत सोडलेले साधे औषध या जाळ्यातून काही तासांतच रक्तात निघून जाते. औषध लवकर गेले तर वेदना पुन्हा सुरू होते, मग पुन्हा सुई. प्रत्येक सुईबरोबर सांध्यात जंतू शिरण्याचा धोका असतो.

औषध फार काळ आणि फार मोठ्या प्रमाणात राहिले, तरीही धोका आहेच. बुपिव्हाकेनसारखी भूल देणारी औषधे कूर्चेच्या पेशींना घातक ठरू शकतात. माणसांच्या खांद्यावरील शस्त्रक्रियेनंतर पंपाने सतत अशी औषधे सोडल्यामुळे कूर्चा नष्ट झाल्याच्या ३५ घटनांची नोंद अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये जाहीर केली आणि डॉक्टरांना सावध केले.

घोड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. वेदना ही निसर्गाने घातलेली वेसण आहे. ती सैल झाली की घोडा दुखऱ्या पायावरही जीव तोडून धावतो आणि आधीच तडा गेलेले हाड मोडते. कॅलिफोर्नियातील सांता अनिता रेसकोर्सवर डिसेंबर २०१८ ते जून २०१९ या एका मोसमात तीस घोडे दगावले. पाऊस, धावपट्टी, जुनी दुखणी अशी अनेक कारणे पुढे आली. हाडे मोडून मेलेल्यांपैकी बहुतेकांच्या हाडांत आधीपासूनच बिघाड होता, असे तपासणीत आढळले. त्यानंतर तेथे सांध्यातील इंजेक्शनांवरही कडक बंधने आली. सांध्यात स्टिरॉइड दिलेला घोडा ठरावीक दिवस शर्यतीत उतरवता येत नाही, असा नियम ब्रिटनमध्येही आहे. अशा नियमातले दिवस ठरवायचे, तर औषध सांध्यात किती काळ राहते आणि रक्तात केव्हा दिसते हे नेमके ठाऊक हवे.

डायलिसिसची युक्ती

हे शोधायचे तर घोड्याला वारंवार टोचावे लागते, सांध्यातला द्रव आणि रक्त पुन्हा पुन्हा काढावे लागते. प्रत्येक नव्या औषधासाठी हे करणे खर्चाचे, शिवाय त्या मुक्या जिवाला त्रासाचे. म्हणून संशोधकांनी सांध्याची नक्कल प्रयोगशाळेत तयार केली.

कोपनहेगन विद्यापीठात या विषयावर बरेच काम झाले आहे. २००७ मध्ये डेन्मार्कचे औषधनिर्माणशास्त्र विद्यापीठ आणि पशुवैद्यक विद्यापीठ त्यात विलीन झाले, त्यामुळे औषध बनवणारे आणि घोडे तपासणारे एकाच छपराखाली आले.

त्यांची एक पद्धत समजायला सोपी आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णांचे डायलिसिस आपल्याला माहीत असते. त्यातल्यासारखाच पातळ पडदा लावलेली एक छोटी डबी घ्यायची. ही डबी म्हणजे ‘सांधा’. तिच्यात औषध घालायचे. डबी एका मोठ्या भांड्यातल्या, शरीराइतक्या कोमट द्रवात फिरत ठेवायची. हे भांडे म्हणजे ‘रक्त’. ठरावीक वेळाने भांड्यातला थोडा द्रव काढून मोजायचे, की पडद्यातून किती औषध बाहेर आले. डबीत सांध्यातल्यासारखे हायलुरॉनिक आम्ल किंवा प्रथिने मिसळली, तर त्यांचा परिणामही कळतो. प्रथिनांना चिकटणारे औषध बाहेर पडायला वेळ लावते.

औषध रेंगाळावे यासाठी एक कल्पकही मार्ग आहे. बुपिव्हाकेन आणि अ‍ॅस्पिरिनच्या कुळातले डायफ्लुनिसाल यांचा संयोग केला, की पाण्यात फारसा न विरघळणारा क्षार तयार होतो. त्याचे बारीक कण सावकाश विरघळतात आणि औषध थोडे थोडे सुटत राहते. २००५ मध्ये या क्षाराची परीक्षा याच फिरत्या डबीत झाली होती.

नकलेच्या मर्यादा

पण डबी ती डबीच. तिला रक्तवाहिन्या नाहीत, ती सुजत नाही, चालताना वाकत नाही. दाह झाला की खऱ्या सांध्यातला रक्तप्रवाह आणि द्रव दोन्ही वाढतात, आणि औषधाचे गणित बदलते. अस्तरातल्या काही पेशी तर कण गिळूनही टाकतात. म्हणून डबीतले आकडे घोड्याच्या रक्तातल्या आकड्यांशी ताडून पाहावे लागतात. दोन्हींचा मेळ बसला, तरच पुढच्या औषधासाठी डबीवर भरवसा ठेवता येतो. नापास होणारी औषधे डबीतच बाद झाली, तर तेवढ्या सुया घोड्यांना टोचाव्या लागत नाहीत.

या मेहनतीचा लाभ माणसालाही आहे. घोड्याच्या गुडघ्यातली कूर्चा सुमारे दोन मिलिमीटर जाडीची, म्हणजे जवळपास आपल्याइतकीच असते. त्यामुळे संधिवाताच्या अभ्यासात घोड्याचा सांधा उपयोगी पडतो. गुडघ्याच्या झिजेसाठी सूक्ष्म कणांतून सावकाश सुटणारे स्टिरॉइडचे इंजेक्शन अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झाले. तेही औषध सांध्यात रेंगाळवण्याच्या याच विचारातून आले आहे.

औषध किती उरले हे डबी सांगते, पण दुखणे थांबले की नाही हे तिला सांगता येत नाही. ते घोड्याच्याच तोंडावर वाचावे लागते. दुखणाऱ्या घोड्याचे कान खाली झुकतात, डोळ्यावरची कातडी ताणून कोन दिसतो, नाकपुड्या रुंदावतात, हनुवटी आवळली जाते. या खुणा कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केल्या. तबेल्यात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या मोतद्दाराला त्यातल्या बऱ्याचशा आधीपासूनच ठाऊक असतील.