चालकाचे तास आणि आंतरराष्ट्रीय करार

चालकाने सलग किती तास गाडी चालवावी, हा प्रश्न जालना जिल्ह्यातील शहागड येथे केवळ तात्त्विक राहत नाही. गोदावरीकाठच्या या गावावरून धुळे–सोलापूर महामार्ग जातो. त्यावरून रात्री धावणाऱ्या मालमोटारींच्या चालकांना विश्रांतीचा हक्क कोणता नियम देतो?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा पहिलाच करार कामाच्या तासांविषयी होता. १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेत तो संमत झाला. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी तेथे उपस्थित होते. करारात आठ तासांचा दिवस ठरला; हिंदुस्थानासाठी मात्र आठवड्याचे ६० तास, तेही कारखाने, खाणी आणि रेल्वेच्या काही शाखांपुरते. रस्ता वगळलाच गेला.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ही उणीव काहीशी भरून काढली. दिवसाला सर्वसाधारणपणे आठ तास, आठवड्याला ४८ आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. मेख होती ती व्याप्तीत. किमान पाच कामगार असलेल्या उपक्रमांनाच तो लागू होता. कर्जाने एकच गाडी घेऊन स्वतः चालवणारा त्यात बसत नव्हता. आणि हप्ता चुकू नये म्हणून झोप मोडणारा बहुधा तोच असतो.

या बाबतीत १९७९ चा करार क्रमांक १५३ अधिक दूरदर्शी म्हणावा लागेल. सलग चार तासांहून अधिक आणि दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक चालवू नये, ही मर्यादा तो स्वतःची गाडी चालवणाऱ्या मालकालाही घालतो. भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही.