प्रोजेक्टची फाईल कपाटात, गावाला काय मिळालं?

कॉलेजात एनएसएस केलंय का? मग दत्तक गाव, सात दिवसांचं शिबिर, श्रमदान हे सगळं माहीतच असेल. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 ला ही योजना सुरू झाली. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या अभ्यासक्रमातच सीईपी, म्हणजे कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट आलाय. त्याला क्रेडिटही आहेत.

दोन्हींत फरक काय? शिबिरात आपण मुख्यतः श्रम देतो. सीईपीत वर्गात शिकलेला विषय गावाच्या अडचणीला लावून बघायचा असतो.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचंच उदाहरण घेऊ. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागातली पूर्णेच्या खोऱ्यातली गावं खारपाणपट्ट्यात येतात. तिथलं विहिरी-बोअरचं पाणी खारं. किडनीच्या आजाराची भीती घराघरात. इथे विद्यार्थी काय करू शकतात?

केमिस्ट्रीवाल्यांनी टीडीएस मीटरने प्रत्येक बोअर मोजावा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आहे लिटरमागे 500 मिलिग्रॅम. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत. कॉमर्सवाल्यांनी जारच्या पाण्यावर एका घराचे वर्षाला किती पैसे जातात, ते काढावं. मराठीवाल्यांनी हे आकडे आजीलाही कळतील असे लिहावेत. आणि एक गोष्ट ठळक लिहा: मीटर फक्त विरघळलेले क्षार सांगतो, जंतू सांगत नाही. नाहीतर आकडा कमी दिसला म्हणून लोक बिनधास्त पाणी पितील.

आता मुद्द्याचं. लोकांनी दार उघडलं, काम सोडून तुमच्या प्रश्नांची उत्तरं दिली. मग निघालेलं उत्तर गावाला परत जायला नको का? माझ्या मते सीईपीची खरी परीक्षा हीच. फोटो, सह्या, स्पायरल बाइंडिंग झालं की मार्क मिळतात, पण गाव होतं तिथंच राहतं.

म्हणून सर्व्हेच्या आधीच सरांना-मॅडमना विचारा, "हा अहवाल गावात कधी वाचायचा?" 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, ग्रामसभेचे दिवस ठरलेले आहेत. तिथे दहा मिनिटं मागा. एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा. आणि तीच वही पुढच्या बॅचच्या हाती द्या, म्हणजे त्यांना पुन्हा पहिल्या बोअरपासून सुरुवात करावी लागणार नाही.

तुमच्या कॉलेजात काय होतं? व्हॉइस नोट पाठवा, ऐकतोय मी!