प्लग कोणी बदलावा?

थंडीच्या दिवसांत सकाळी मोटारसायकलला किक मारून मारून पाय दुखू लागतो, तरी गाडी सुरू होत नाही. मग आजूबाजूचे लोक जमतात. त्यांतला एक म्हणतो, "प्लग गेला असेल. घरीच बदला. दोन मिनिटांचे काम आहे, मिस्त्रीला कशाला पैसे द्यायचे?" दुसरा म्हणतो, "उगीच हात लावू नका. ज्याचे काम त्यानेच करावे." दोघांचेही म्हणणे पटण्यासारखे वाटते. मग ऐकायचे कोणाचे? हे ठरवण्याआधी प्लग म्हणजे काय आणि तो बदलताना काय काय घडू शकते, हे समजून घेतले पाहिजे.

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात एक पोकळ नळकांडे असते. त्याला सिलिंडर म्हणतात. सिलिंडरमध्ये दट्ट्या वर-खाली होत असतो. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरते आणि दट्ट्या ते दाबतो. नेमक्या त्या वेळी तेथे एक ठिणगी पडते. ठिणगी म्हणजे उर्दूतली चिंगारी. ठिणगीमुळे मिश्रण पेटते, तापलेले वायू फुगतात आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. या जोरावरच गाडीची चाके फिरतात. ही ठिणगी पाडण्याचे काम स्पार्क प्लग करतो.

प्लग बोटभर लांबीचा असतो, पण त्याचे काम फार कठीण असते. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते. एवढ्या कमी दाबाने ठिणगी पडत नाही. म्हणून कॉइल नावाचा भाग हा दाब पंधरा-वीस हजार व्होल्टपर्यंत किंवा त्याहूनही वर नेतो. तेव्हा कुठे प्लगच्या टोकावरील दोन अग्रांमधली फट ओलांडून ठिणगी उडते. ही फट बहुतेक गाड्यांत एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. चार टप्प्यांच्या, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा मिश्रण पेटवावे लागते. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर एका सिलिंडरमधले मिश्रण मिनिटाला १५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा पेटते. इतके काम करून अग्रे झिजतात, फट वाढते आणि ठिणगी अशक्त होते. मग गाडी सुरू होण्यास त्रास देते, मध्येच झटके देते आणि पेट्रोलही जास्त पिते.

येथे तुमच्यापैकी कोणी विचारील, "मोठ्या ट्रकलाही प्लग असतो का?" डिझेलवर चालणाऱ्या ट्रकला स्पार्क प्लग नसतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले, त्यात हवाच इतकी दाबली जाते की ती अतिशय तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. आपल्या रस्त्यांवरचे बहुतेक मोठे ट्रक याच प्रकारचे आहेत. परंतु सी.एन.जी.वर चालणारे ट्रक, रिक्षा आणि छोटे टेम्पो यांना मात्र स्पार्क प्लग लागतात. अमेरिकेत तर मागे उघडा हौदा असलेल्या पिकअप गाडीलाच लोक 'ट्रक' म्हणतात. अशा बहुतेक गाड्या पेट्रोलवर चालतात. त्यामुळे तेथे 'ट्रकचे प्लग घरी बदलावेत की मिस्त्रीकडून?' हा नेहमीचा प्रश्न आहे.

आता प्लग बदलण्याची रीत पाहू. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बहुतेक इंजिनांचा वरचा भाग, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचा असतो. गरम असताना प्लग काढला, तर हेडमधल्या आट्यांना इजा होऊ शकते. आटे म्हणजे स्क्रूवर असतात तशा गोल फिरत जाणाऱ्या खाचा. उर्दूत आपण त्यांना 'चूडियाँ' म्हणतो. नंतर प्लगभोवतीची धूळ फुंकून किंवा ब्रशने साफ करावी. नाहीतर प्लग काढताच ती सिलिंडरमध्ये पडते. मग प्लगवरची टोपी सरळ वर ओढून काढावी. ती ओढताना वायरीला धरू नये. गाडीला चार प्लग असतील, तर एका वेळी एकच काढावा, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. शेवटी प्लगचा पाना बसवून प्लग सैल करावा आणि हाताने फिरवून बाहेर घ्यावा.

बाहेर आलेला प्लग फेकून देण्याआधी नीट पाहावा. जसा हकीम जीभ पाहून पोटाची हालत सांगतो, तसा जाणकार मिस्त्री प्लगचे टोक पाहून इंजिनाची हालत सांगतो. टोक फिकट तपकिरी असेल, तर इंजिन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल, तर बहुधा पेट्रोल जास्त जाते आहे किंवा हवा कमी पडते आहे. टोक तेलकट काळे असेल, तर इंजिनातले ऑइल वर येत असावे. टोक पांढरेफटक पडले असेल, तर प्लग फार तापतो आहे. तेलकट प्लगच्या जागी नुसता नवा प्लग लावला, तर गाडी काही दिवस चालेल आणि पुन्हा बंद पडेल. कारण दोष प्लगमध्ये नसून इंजिनात असतो.

नवा प्लग गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचाच घ्यावा. तो सुरुवातीला हातानेच फिरवावा, पाना लावू नये. प्लग वाकडा बसत असेल, तर हाताला लगेच अडखळल्यासारखे होते. अशा वेळी तो काढून पुन्हा सरळ लावावा. हाताने पूर्ण बसल्यावर पान्याने थोडासाच आवळावा. किती आवळावा, हे पुष्कळदा प्लगच्या खोक्यावर चित्र काढून दाखवलेले असते. वॉशर असलेल्या नव्या प्लगला साधारण अर्धा फेरा पुरतो.

वाचताना हे काम सोपे वाटते आणि साध्या मोटारसायकलीवर ते खरोखरच सोपे आहे. पूर्वीच्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळत असे. त्यामुळे प्लग वारंवार काळा पडे. त्या काळी स्कूटर चालवणारे बरेच लोक डिकीत एक जादा प्लग आणि प्लगचा पाना ठेवत आणि रस्त्याच्या कडेलाच काम उरकत. आजही रात्री घाटात गाडी बंद पडली आणि जवळपास गॅरेज नसले, तर हे ज्ञान उपयोगी पडते.

पण या कामात धोका आहे तो अखेरच्या आवळण्यात. प्लग पोलादाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. पोलाद कठीण, ॲल्युमिनियम मऊ. प्लग वाकडा घातला किंवा जोर लावून आवळला, तर प्लगला काही होत नाही, हेडचे आटे मात्र जातात. मग नवे आटे पाडून घ्यावे लागतात. त्यासाठी कधी कधी हेडही उतरवावे लागते. शंभर-दीडशे रुपयांच्या प्लगपायी हजारो रुपयांचा खर्च उभा राहतो. ज्या घरची रोजी त्या रिक्षावर किंवा टेम्पोवर चालते, त्या घराचे नुकसान एवढ्यावर थांबत नाही. गाडी गॅरेजमध्ये उभी असली, तरी बँकेचा हप्ता थांबत नाही आणि घरची चूलही थांबत नाही.

काही गाड्यांत तर प्लग काढणेच अवघड असते. फोर्ड कंपनीच्या एफ-१५० या अमेरिकन पिकअपचे उदाहरण प्रसिद्ध आहे. २००४ ते २००८ या काळातल्या त्या गाड्यांत ५.४ लिटरचे, आठ सिलिंडरांचे एक इंजिन येत असे. त्याच्या प्लगचे खालचे टोक लांब होते आणि ते वेगळ्या तुकड्याचे जोडलेले होते. वर्षानुवर्षे गाडी चालली की त्या टोकाभोवती काजळी घट्ट बसे. प्लग काढायला जावे, तर वरचा भाग हातात येई आणि खालचा तुकडा हेडमध्येच अडकून राही. अनुभवी मिस्त्रींच्या हातूनही असे घडे. शेवटी कंपनीने मिस्त्रींसाठी खास सूचना काढल्या. प्लग किंचित सैल करायचा, त्याच्या खोबणीत काजळी सैल करणारे द्रव्य सोडायचे, काही वेळ थांबायचे आणि मग पुढे-मागे फिरवत सावकाश काढायचा. अडकलेला तुकडा काढण्यासाठी वेगळी हत्यारेही बाजारात आली. पैसे वाचवायला निघालेल्या किती मालकांना शेवटी गाडी ओढून गॅरेजमध्ये न्यावी लागली असेल, याची कल्पना करा.

यावरून मिस्त्रीची मजुरी कशाबद्दल असते, ते कळते. पाना तर कोणीही फिरवील. पण कुठे थांबायचे, हे मिस्त्रीच्या हाताला ठाऊक असते. हाताच्या या जाणिवेला मराठीत 'अंदाज' म्हणतात. उर्दूत ज्याला आपण 'अंदाजा' म्हणतो, तोच हा शब्द. तो अंदाज उस्तादाजवळ अनेक वर्षे काम करून येतो. शिवाय काम बिघडले, तर चांगला मिस्त्री त्याची जबाबदारी घेतो. "दोन मिनिटांचे तर काम, एवढे पैसे कशाचे?" असे म्हणताना या दोन गोष्टी आपण विसरतो.

म्हणून घरी काम करायचे की नाही, हे तीन प्रश्नांवरून ठरवावे. पहिला प्रश्न, प्लग डोळ्यांना दिसतो का आणि तेथे हात सरळ पोहोचतो का? दुसरा, योग्य मापाचा पाना, योग्य प्लग आणि माहितीपुस्तिका जवळ आहे का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. काम बिघडले तर ते नुकसान आपल्याला सोसेल का? तिन्हींची उत्तरे 'होय' असतील, तर एखाद्या जाणकार मोठ्या माणसाला जवळ बसवून काम जरूर शिकावे. मात्र इंजिन चालू असताना प्लगला किंवा त्याच्या टोपीला कधीही हात लावू नये. जोराचा विजेचा धक्का बसतो. एकाही प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर गाडी मिस्त्रीकडे न्यावी. प्लग फिरता फिरेना, तर जोर न लावता तेथेच थांबावे. तोपर्यंत काही बिघडलेले नसते.

मिस्त्रीकडे गेलो म्हणून डोळे मिटून बसायचे, असे मात्र नाही. काम चालू असताना शेजारी उभे राहावे. जुना प्लग परत मागावा, त्याचा रंग पाहावा आणि तो तसा का झाला, हे विचारावे. नव्या प्लगचा क्रमांक खोक्यावर वाचावा. अशा गिऱ्हाइकाला कोणी सहसा फसवत नाही आणि खरा कारागीर तर प्रश्न विचारणाऱ्याला आनंदाने सांगतो. मित्रांनो, काम घरी करा किंवा मजुरी देऊन करून घ्या, पण ते काम काय आहे, हे माहीत करून घ्या. तेवढे माहीत असेल, तर आपले पैसेही जपले जातात आणि दुसऱ्याच्या मेहनतीची किंमतही कळते.