कॅल्क्युलेटरवर मध्येच 'ई' का येतो? सायंटिफिक नोटेशन आणि एककांचं रूपांतर, सोप्या मराठीत

फोनमधला कॅल्क्युलेटर उघडा, एखादी आठ-नऊ अंकी संख्या टाका आणि तिला त्याच संख्येने चार-पाच वेळा गुणत राहा. थोड्या वेळाने स्क्रीनवर आकड्यांच्या मध्येच 'ई' हे इंग्रजी अक्षर दिसेल. बऱ्याच जणांना वाटतं की एरर आला. एरर नाहीये. कॅल्क्युलेटर तुमच्याशी सायंटिफिक नोटेशनमध्ये बोलतोय.

हा विषय आपल्याला शाळेत शिकवतात, पेपरात दोन मार्कांना येतो आणि मग आपण तो विसरून जातो. मीही विसरले होते आणि ते मला महागात पडलं.

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजच्या एका कार्यक्रमात जिंकलेल्या मुलांना बक्षिसाचे पैसे पाठवायचे होते आणि त्यांच्या बँक खात्यांची यादी बनवायचं काम माझ्याकडे आलं. मी सगळे खाते क्रमांक स्प्रेडशीटमध्ये टाकले. १६ अंकी क्रमांक टाकला की तिथे ३.२१४५७ई+१५ असं काहीतरी दिसायचं. मला वाटलं, कॉलम लहान आहे. मी फॉरमॅट बदलून पूर्ण आकडे दिसतील असं केलं, यादी पुढे पाठवली आणि मोकळी झाले. चार दिवसांनी फोन सुरू झाले. अनेकांना पैसे मिळालेच नव्हते. यादी उघडून बघितली तर प्रत्येक १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य झाला होता! एकाला त्या पैशातून मेसचं बिल भरायचं होतं. त्याच्यासमोर उभं राहून 'सॉरी' म्हणताना काय वाटलं ते अजून आठवतं.

तो शेवटचा अंक कुठे गेला, हे लेखाच्या शेवटी बघू. त्याआधी मुळापासून सुरुवात करू.

'ई' म्हणजे 'गुणिले दहाचा घात'

प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३०,००,००,००० मीटर. यात शून्यं किती, हे मोजताना चूक होतेच. म्हणून आपण ३ × १०^८ असं लिहितो. (या लेखात ^ या चिन्हानंतरचा आकडा म्हणजे घात.) कॅल्क्युलेटर हेच ३ई८ असं दाखवतो.

नियम एकच आहे: पुढचा आकडा १ किंवा त्याहून मोठा, पण १० पेक्षा लहान हवा. म्हणजे ४५,००० हे ४५ × १०^३ असं लिहिलं तर किंमत बरोबर आहे, पण सायंटिफिक नोटेशन म्हणून ४.५ × १०^४ लिहायचं.

खरं तर हे आपण लहानपणीच पाठ केलंय. एकं, दहं, शतं, हजार, दशहजार, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज. एकं म्हणजे १०^०, दहं म्हणजे १०^१, शतं म्हणजे १०^२. प्रत्येक पायरीला घात एकने वाढतो. लाख १०^५, कोटी १०^७, अब्ज १०^९. बातम्यांमधला मिलियन म्हणजे आपला दशलक्ष, १०^६. बिलियन म्हणजे अब्ज, १०^९. मग '२ बिलियन म्हणजे किती कोटी?' हा प्रश्न उरतच नाही. ९ मधून ७ वजा करा, उरले २. म्हणजे १०^२ पट, म्हणून २०० कोटी.

लहान संख्यांसाठी घात ऋण असतो. ०.००००८ मध्ये दशांश चिन्ह पाच घरं उजवीकडे सरकवलं की ८ मिळतात, म्हणून ८ × १०^-५. आपला एक केस साधारण इतके मीटर जाड असतो. ऋण घात म्हणजे ऋण संख्या नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. १०^-५ ही शून्यापेक्षा मोठीच संख्या आहे, फक्त खूप छोटी.

गणित उलट सोपं होतं

सूर्य आपल्यापासून साधारण १.५ × १०^११ मीटर लांब आहे. त्याचा प्रकाश इथे यायला किती वेळ लागतो? अंतर भागिले वेग.

(१.५ × १०^११) ÷ (३ × १०^८)

आकड्यांना आकड्यांनी भागा: १.५ ÷ ३ = ०.५. घातांची वजाबाकी करा: ११ − ८ = ३. उत्तर ०.५ × १०^३, म्हणजे ५ × १०^२, म्हणजे ५०० सेकंद. ८ मिनिटं २० सेकंद झाली. कागदसुद्धा लागला नाही.

गुणाकारात घातांची बेरीज, भागाकारात वजाबाकी. बेरीज-वजाबाकी करायची असेल तर मात्र आधी दोन्ही संख्यांचे घात सारखे करून घ्या. ३ × १०^४ आणि २ × १०^३ यांची बेरीज ५ × १०^७ नसते. ती ३ × १०^४ + ०.२ × १०^४ = ३.२ × १०^४.

सायंटिफिक कॅल्क्युलेटर वापरणाऱ्यांसाठी एक टीप. 'ईएक्सपी' किंवा 'ईई' असं बटण असतं, त्यात 'गुणिले दहाचा घात' आधीच आलेलं असतं. म्हणून ३ × १०^८ टाकायला फक्त ३, ते बटण, ८. बरेच जण ३ × १० आणि मग ते बटण दाबतात. उत्तर दहापट मोठं येतं आणि बाकी रीत बरोबर असूनही उत्तराचा मार्क जातो.

एकक बदलायचं म्हणजे '१' ने गुणायचं

एककांचं रूपांतर करताना सगळ्यांना एकच प्रश्न पडतो: 'इथे गुणायचं की भागायचं?' पाठ करू नका. एक युक्ती कायम चालते.

१ किमी आणि १००० मीटर ही एकच लांबी आहे. म्हणून '१००० मीटर भागिले १ किमी' या अपूर्णांकाची किंमत १. आणि १ ने गुणल्यावर काहीच बदलत नाही. आता ७२ किमी प्रति तास याचं मीटर प्रति सेकंद करू.

७२ किमी/तास × (१००० मी / १ किमी) × (१ तास / ३६०० से)

वरचा किमी आणि खालचा किमी कटला. खालचा तास आणि वरचा तास कटला. उरलं मी/से. आकडे: ७२ × १००० ÷ ३६०० = २० मी/से.

एककं पण आकड्यांसारखीच काटायची. नको असलेलं एकक कटत नसेल, तर अपूर्णांक उलटा लिहिलाय. तो पलटवा. गुणायचं की भागायचं ते एककंच सांगतात.

पोरं सगळ्यात जास्त फसतात ती चौरस आणि घन एककांत. १ मीटर म्हणजे १०० सेमी, पण १ घनमीटर म्हणजे १०० घन सेमी नव्हे. लांबी, रुंदी, उंची, तिन्हीकडे १०० ने गुणायचंय, म्हणून १०^६ घन सेमी. १ लिटर म्हणजे १०^३ घन सेमी. म्हणजे १ घनमीटरमध्ये १००० लिटर. गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणा, तेवढी जागा म्हणजे एक घनमीटर.

तुमच्या फोनमध्ये हेच सगळं चाललंय

किलो १०^३, मेगा १०^६, गिगा १०^९, टेरा १०^१२. उलट्या दिशेने मिली १०^-३, मायक्रो १०^-६, नॅनो १०^-९. हे उपसर्ग म्हणजे घातांची टोपणनावं. डेटा वाढत चालल्यामुळे २०२२ मध्ये यात रोना (१०^२७) आणि क्वेटा (१०^३०) अशी नवी नावंही आली. आता तीन नेहमीचे प्रश्न सोडवू.

*वायफाय १०० एमबीपीएसचं, मग डाउनलोड १२ वर का अडकतं?* कारण प्लॅनमधला 'बी' म्हणजे बिट आणि डाउनलोडमध्ये दिसणारा 'बी' बहुतेक वेळा बाइट. ८ बिट म्हणजे १ बाइट. १०० ÷ ८ = १२.५. कंपनी फसवत नाहीये, एकक वेगळं आहे. इंग्रजीत लहान बी म्हणजे बिट आणि कॅपिटल बी म्हणजे बाइट. २ जीबीचा सिनेमा म्हणजे १.६ × १०^१० बिट, त्याला १०^८ ने भागलं की १६० सेकंद. पूर्ण स्पीड मिळाला तरी याहून लवकर होणार नाही.

*१२८ जीबीचा पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरवर ११९ जीबी का दिसतो?* बनवणारे १ जीबी म्हणजे १०^९ बाइट धरतात. विंडोज मात्र २^३०, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरून 'जीबी' असं लिहितं. १२८ × १०^९ ला या संख्येने भागा, ११९.२ येतात. एकही बाइट चोरीला गेलेला नाही. हा घोळ मिटावा म्हणून १९९८ मध्ये २^३० साठी 'गिबी' असा वेगळा उपसर्ग ठरवला गेला, पण तो रोजच्या वापरात फारसा आलाच नाही.

*एखाद्या अ‍ॅपमध्ये तारीख 'जानेवारी १९७०' का दिसते?* कॉम्प्युटर वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून. आज ती संख्या सुमारे १.७ × १०^९ सेकंदांच्या पुढे आहे. कुणी हे सेकंद मिलिसेकंद समजून वाचले तर ते होतात १.७ × १०^६ सेकंद, म्हणजे जेमतेम २० दिवस. मग अ‍ॅप म्हणतं, आज २० जानेवारी १९७०! नोकरीत ही चूक मी स्वतः दोनदा केली आहे.

एका एककापायी यान गेलं

आमच्या कामात अशी चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते. नासाच्या 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर'ला ती संधी मिळाली नाही. डिसेंबर १९९८ मध्ये निघालेलं हे यान २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळाजवळ पोहोचलं आणि त्याचा संपर्क कायमचा तुटला. चौकशीत कळलं ते असं: पृथ्वीवरचं एक सॉफ्टवेअर यानाच्या छोट्या इंजिनांच्या धक्क्याचा हिशोब पाउंड-फोर्स सेकंदात देत होतं, आणि मार्ग ठरवणारे तो आकडा न्यूटन-सेकंद समजून वापरत होते. १ पाउंड-फोर्स म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. प्रत्येक वेळचा फरक छोटा, पण तो महिनोन्‌महिने साठत गेला. यान मंगळापासून साधारण २२६ किमी उंचीवरून जायला हवं होतं, ते नंतरच्या हिशोबानुसार सुमारे ५७ किमीपर्यंत खाली गेलं. तिथल्या वातावरणात ते टिकणं शक्य नव्हतं.

तिथे बसलेल्या लोकांना रूपांतर येत नव्हतं असं नाही. आकडा एकीकडून दुसरीकडे गेला आणि त्याचं एकक सोबत गेलं नाही, एवढंच झालं. म्हणून सर-मॅडम 'एकक लिहिलं नाही, अर्धा मार्क कट' म्हणतात तेव्हा रागावू नका.

तो शेवटचा अंक कुठे गेला?

आता माझी यादी. स्प्रेडशीट कुठलीही संख्या साठवताना तिचे पहिले १५ अंक जपते. त्यापुढच्यांच्या जागी शून्य येतं. मोजमापासाठी हे अगदी चालतं. सूर्याचं अंतर १५ अंकांपर्यंत कुणाला हवंय? पण खाते क्रमांक हे मोजमाप नाहीच. ते नाव आहे, फक्त अंकांनी लिहिलेलं. त्यातला शेवटचा अंक पहिल्याइतकाच महत्त्वाचा. आणि एकदा गेलेला अंक फॉरमॅट बदलून परत येत नाही.

उपाय सोपा आहे. खाते क्रमांक, कार्ड क्रमांक, मोबाईल नंबर टाकण्याआधी त्या कॉलमचा फॉरमॅट 'टेक्स्ट' करा. आणि कुठेही 'ई+' दिसला की थांबा. स्वतःला विचारा: ही मोजलेली संख्या आहे की कुणाचा तरी नंबर? मोजलेली असेल तर बिनधास्त वाचा, 'गुणिले दहाचा घात'. नंबर असेल तर मूळ कागदाशी ताडून बघितल्याशिवाय यादी पुढे पाठवू नका.

त्या मुलाला त्याचे पैसे दहा दिवसांनी मिळाले. तोपर्यंत त्याच्या मेसचे पैसे मी भरले होते.

तुमच्या फोनवर किंवा अभ्यासात असाच एखादा आकडा गोंधळात टाकत असेल तर कमेंटमध्ये लिहा. फक्त एक विनंती, एकक लिहायला विसरू नका!