ससा चावतो, वायरी कुरतडतो, घरभर लेंड्या टाकतो… पण त्याला ओरडून उपयोग का होत नाही?

रीलमधला ससा फार शहाणा असतो. मांडीवर बसतो, गाजर खातो, कॅमेऱ्याकडे टकमक बघतो. घरी आणलेला ससा मात्र काही दिवसांतच मोबाईलचा चार्जर तोडतो, सोफ्याचा कोपरा कुरतडतो, पिंजऱ्यात हात घातला की अंगावर येतो आणि जाईल तिथे लेंड्या टाकतो.

मग घरात ओरडाओरड सुरू होते. नाकावर टिचकी, अंगावर पाण्याचा फवारा, नाहीतर दिवसभर पिंजऱ्यात कोंडणं. ससा आणखी बिथरतो, घरचे आणखी वैतागतात. शेवटी "कुणाला ससा हवाय का?" अशी पोस्ट पडते, किंवा त्याला एखाद्या बागेत नाहीतर टेकडीवर नेऊन सोडलं जातं. घरात वाढलेल्या सशासाठी ही सुटका नसते. अन्न कुठे शोधायचं आणि कुत्र्यांपासून, घारींपासून कसं वाचायचं, हे त्याला माहीतच नसतं.

यातला बराचसा त्रास टाळता येतो. ससा हाक मारली की येतो, ठरलेल्या जागी शी-शू करतो, पिंजऱ्यात आपणहून जातो. हे सगळं त्याला शिकवता येतं. फक्त तो कुत्र्यासारखा शिकत नाही. का, ते आधी बघू.

घरातला ससा आणि रानातला ससा वेगळा

मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो, पण हे दोन वेगळे प्राणी आहेत. आपल्या माळरानावर दिसणारा ससा उघड्यावर, गवताच्या आडोशाला राहतो. तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे त्याला पकडता किंवा पाळता येत नाही.

घरात पाळला जातो तो ससा मूळचा युरोपातला. स्पेन-पोर्तुगालच्या भागातले त्याचे पूर्वज जमिनीत बिळं खणून कळपाने राहायचे. त्यामुळे खणणं, वाटेत आलेली मुळं कुरतडणं आणि आपली हद्द आखणं हे त्याच्या रक्तातच आहे. तुमच्या घरात त्याला मुळांच्या जागी चार्जरची वायर सापडते, एवढाच फरक.

तो तुमच्याकडे कसा बघतो?

ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला मागचं आणि वरचंही दिसतं, पण नाकाच्या अगदी समोरचं नीट दिसत नाही. वरून झपकन आलेला हात त्याला घारीसारखा वाटतो. उचलून घेणं म्हणजे त्याच्यासाठी शिकाऱ्याच्या तावडीत सापडणं.

अशा प्राण्याला तुम्ही ओरडलात किंवा टिचकी मारलीत, तर "वायर चावली म्हणून शिक्षा झाली" असा हिशोब तो करत नाही. तो एवढंच शिकतो की हा माणूस धोक्याचा आहे. मग तो तुम्हाला बघून पळतो, पळायला जागा नसेल तर चावतो. शिक्षेने वाईट सवय जात नाही, उलट चावण्याची नवी सवय लागते.

रीलमधला 'झोपलेला' ससा खरंच आरामात असतो का?

सशाला उताणं केलं की तो एकदम निपचित पडतो, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. खाली "किती रिलॅक्स झालाय" अशा कमेंट असतात. प्रत्यक्षात ही भीतीची प्रतिक्रिया आहे. शिकाऱ्याने पकडल्यावर मेल्याचं सोंग घ्यावं, तसं त्याचं शरीर गोठतं. ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातही अशा वेळी सशांमध्ये ताणाची लक्षणं दिसली होती.

त्यामुळे ससा शांत करायला त्याला उताणं करू नका. बादलीत अंघोळ घालू नका. आणि कान धरून तर कधीच उचलू नका. उचलणं भागच असेल तर एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली ठेवून अंगाशी धरा. मागचे पाय लोंबकळत राहिले आणि त्याने जोरात लाथ झाडली, तर त्याच्या पाठीचा कणा मोडू शकतो.

मग शिकवायचं कसं?

पद्धत जुनीच आहे. हवं ते वागणं घडलं की लगेच खाऊ द्यायचा. केलर आणि मेरियन ब्रेलंड या अमेरिकन जोडप्याने १९५५ मध्ये हॉट स्प्रिंग्ज शहरात 'आयक्यू झू' नावाचं प्रदर्शन सुरू केलं होतं. तिथे कोंबड्या, ससे असे प्राणी मार न खाता, फक्त खाऊच्या बक्षिसावर खेळ करून दाखवायचे. स्वीडनमध्ये तर १९७० च्या दशकापासून सशांच्या अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धा होतात.

घरी सुरुवात अशी करा:

१. पहिले काही दिवस काहीच शिकवू नका. खोलीत जमिनीवर बसा, मोबाईल बघा, ससा आपणहून जवळ येऊ द्या. तो हुंगून गेला तरी त्याला पकडू नका.

२. खाऊ अगदी छोटा ठेवा. कोथिंबिरीचं पान किंवा वाटाण्याएवढा सफरचंदाचा, केळ्याचा तुकडा पुरतो. कार्टूनमुळे सशाचं जेवण म्हणजे गाजर असं वाटतं, पण गाजरात साखर बरीच असते. ते खाऊ म्हणूनच थोडंसं द्या. त्याचं मुख्य जेवण म्हणजे गवत आणि वाळलेला चारा. फुलवाल्याकडच्या ताज्या दूर्वाही स्वच्छ धुऊन देता येतात.

३. खाऊ देताना त्याचं नाव घ्या. काही दिवसांनी एक पाऊल लांबून नाव घ्या. आला की लगेच खाऊ. बक्षिसाला पाच-दहा सेकंद उशीर झाला, तरी ते कशाबद्दल मिळालं हे त्याला कळत नाही.

४. एका वेळी पाच मिनिटं पुरेत. ससे पहाटे आणि संध्याकाळी जास्त चपळ असतात. दुपारी त्याला झोपू द्या.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. सशाच्या तळव्याला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, फक्त केस असतात. गुळगुळीत लादीवर त्याचे पाय घसरतात. "आमचा ससा पिंजऱ्याबाहेर येतच नाही" अशी तक्रार असेल, तर बाहेर एक सतरंजी अंथरून बघा.

घरभर लेंड्या, घरभर शू

ससा शक्यतो एकाच कोपऱ्यात शू करतो. हा कोपरा तुम्ही ठरवू नका, त्याला ठरवू द्या. तिथे एक पसरट ट्रे ठेवा, तळाला वर्तमानपत्र आणि वर जाड थर वाळलेल्या गवताचा. ससे खाता खाता शी करतात, म्हणून खायचं गवतही ट्रेला लागूनच ठेवा. इकडेतिकडे पडलेल्या लेंड्या उचलून ट्रेमध्ये टाका. बाहेर झालेली शू पाणी आणि व्हिनेगरने पुसा, म्हणजे वास राहणार नाही. मांजरांसाठी मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी माती मात्र वापरू नका. सशाने ती खाल्ली तर आतड्यात अडकू शकते.

सुरुवातीला त्याला एकाच खोलीत मोकळं सोडा. तिथे सवय लागली की दुसरी खोली उघडा.

आणि हो, ससा स्वतःच्या मऊ लेंड्या खाताना दिसला तर अडवू नका. ही घाणेरडी खोड नाही. पहिल्या फेरीत न पचलेलं सत्त्व तो अशा प्रकारे परत मिळवतो.

वायर, सोफा आणि गादी

सशाचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आठवड्याला साधारण दोन-तीन मिलिमीटर. ते झिजवण्यासाठी त्याला सतत काहीतरी चावावंच लागतं. त्यामुळे "चावू नको" हे त्याला शिकवता येत नाही. "हे चाव" एवढंच शिकवता येतं.

वायरी उंचावर घ्या किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणाऱ्या प्लॅस्टिक पाइपमध्ये घाला. हा सवयीपेक्षा जिवाचा प्रश्न आहे, कारण चालू वायर चावली तर शॉक बसतो. मग चावायला भरपूर गवत, फवारणी न केलेल्या पेरूच्या फांद्या, रंग न दिलेली बांबूची टोपली, पुठ्ठ्याचा खोका द्या. तो सोफ्याकडे वळला की न ओरडता खोका पुढे सरकवा. खोका चावला की शाबासकी.

खणण्याचंही तसंच. एका मोठ्या खोक्यात कागदाचे कपटे किंवा स्वच्छ माती भरा आणि त्यात थोडी कोथिंबीर लपवा. हक्काची जागा मिळाली की गादीचा त्रास कमी होतो.

हात घातला की चावतो

पिंजरा हे सशाचं बीळ असतं. तिथे हात घालणं म्हणजे परक्याने घरात घुसणं. त्यामुळे तो बाहेर फिरायला गेला असतानाच पिंजरा साफ करा. त्याला ओढून बाहेर काढू नका, दार उघडं ठेवा आणि त्याला स्वतः येऊ द्या. शिक्षा म्हणून त्याला पिंजऱ्यात टाकलंत, तर पिंजऱ्याची सुरक्षित जागाही त्याच्यासाठी भीतीची होते.

हात नाकासमोरून नेऊ नका. बाजूने, हळू न्या आणि आधी कपाळावर कुरवाळा. चावण्याआधी ससा बहुतेक वेळा इशारा देतो. कान मागे चिकटवतो, अंग ताठ करतो, कधी गुरगुरतो. मागचा पाय जमिनीवर आपटला, तर त्याला धोका जाणवला आहे असं समजा. दिवाळीच्या फटाक्यांत हे हमखास दिसतं. तेव्हा हात मागे घ्या आणि त्याला लपायला खोका द्या.

उलट तो हवेत उडी मारून अंगाला झटका देत असेल किंवा तुमच्याजवळ एकदम कुशीवर लवंडत असेल, तर तो खूश आहे.

वयात आल्यावर अचानक बिघडला?

तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ससा वयात येतो. शांत पिल्लू एकदम शू उडवायला लागतं, पायाभोवती गोल फिरतं, चढायला बघतं, मादी असेल तर आक्रमक होते. हे हार्मोनमुळे होतं. यावर चांगला उपाय म्हणजे सशांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडून नसबंदी. मादीसाठी तर ती जास्तच महत्त्वाची, कारण नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो.

जोडी आणणार असाल तर हे आधीच ठरवा. मादी साधारण ३१ दिवसांत विते आणि त्यानंतर लगेच पुन्हा गाभण राहू शकते.

ही खोड आहे की आजार?

ससा दुखणं लपवतो, कारण रानात आजारी दिसणारा प्राणी आधी मारला जातो. ट्रे वापरणारा ससा अचानक बाहेर शू करू लागला, तर लघवीचा त्रास असू शकतो. प्रेमळ ससा हात लावू देत नसेल, तर दात किंवा पाय दुखत असू शकतो. शिकवण्याआधी तपासणी करून घ्या.

दहा-बारा तास ससा काही खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल, तर सकाळची वाट बघू नका. त्याचं पोट बंद पडलेलं असू शकतं आणि त्यात जीव जातो. ४० अंशांच्या उन्हाळ्यात तोंड उघडून धापा टाकत असेल, तरीही लगेच डॉक्टर गाठा.

किती दिवस लागतात?

ट्रेची सवय काही आठवड्यांत लागते. विश्वास बसायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो, आणि मार खाल्लेल्या सशाला तर अनेक महिने. नीट सांभाळलेला ससा आठ ते दहा वर्षं जगतो, म्हणजे दुसरीतल्या मुलासाठी आणलेला ससा ते मूल कॉलेजात जाईपर्यंत घरात असू शकतो.

जमत नसेल तर त्याला रस्त्यावर सोडू नका. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. प्राणी संस्थेशी बोला, जबाबदारी घेणारं घर शोधा. पण त्याआधी आज संध्याकाळी एक सतरंजी अंथरा, पुठ्ठ्याचा एक खोका ठेवा आणि कोथिंबिरीची दोन पानं घेऊन जमिनीवर शांत बसून बघा. ससा कदाचित आज येणार नाही. उद्या पुन्हा बसा.