खिचडीच्या ताटल्या आणि नेटवरची पॅकेटं



"सर, रेंज फुल आहे, तरी व्हिडिओ का अडकतो?" हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. कारणं बरीच असतात. त्यातलं एक शाळेतल्या खिचडीच्या ताटल्यांवरून छान समजावता येतं.

नेटवरची माहिती छोट्या तुकड्यांत येते. एका तुकड्याला पॅकेट म्हणतात. इथरनेटच्या पॅकेटमध्ये साधारणपणे जास्तीत जास्त १५०० बाइट माहिती मावते. एक गिगाबिट वेगाच्या जोडणीवर अशी भरलेली पॅकेटं सेकंदाला सुमारे ८१,००० येऊ शकतात. म्हणजे एका पॅकेटसाठी जेमतेम १२ मायक्रोसेकंद! दर वेळी मेमरीत नवी जागा शोधायला वेळ कुठून आणायचा?

म्हणून ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम ठरावीक मापाच्या जागा आधीच राखून ठेवतो. अशी प्रत्येक जागा म्हणजे बफर, आपल्या भाषेत ताटली. नेटवर्क कार्ड रिकाम्या ताटलीत पॅकेट वाढतं, संगणक ते वाचून घेतो आणि ताटली पुन्हा रांगेत लागते.

गडबड तीन ठिकाणी होते.

१. ताटल्या अपुऱ्या पडल्या : आलेलं पॅकेट टाकून दिलं जातं. पाठवणाऱ्याला ते पुन्हा पाठवावं लागतं, तोवर व्हिडिओ थबकतो.

२. ताटली परत केलीच नाही : प्रोग्राममधल्या चुकीमुळे एकेक ताटली कमी होत जाते आणि शेवटी सगळं ठप्प. यंत्र बंद करून चालू केलं की सगळ्या ताटल्या पुन्हा जागेवर येतात. राऊटर बंद-चालू केल्यावर नेट सुधारतं, त्यामागे कधी कधी हेच असतं.

३. जेवण चालू असतानाच ताटली परत केली : ही चूक सगळ्यात धोक्याची. त्याच ताटलीत दुसऱ्याचं वाढलं जातं. एकाची माहिती दुसऱ्याच्या हाती पडू शकते. म्हणून लिनक्समध्ये एक बफर किती जण वापरताहेत याची मोजणी ठेवतात. ती शून्यावर आल्याशिवाय ताटली परत जात नाही.

वर्गात करून पाहा : पाच ताटल्या घ्या. एक मूल 'कार्ड', एक 'संगणक', बाकीची मुलं चिठ्ठ्या घेऊन 'पॅकेट'. दोन फेऱ्या नीट होऊ द्या. मग 'संगणका'ला हळूच सांगा, दर फेरीला एक ताटली मागे लपव. पाच फेऱ्यांत खेळ थांबेल. आता विचारा, "पॅकेटं तर येताहेत, मग अडलं कुठे?"

उत्तर मुलंच शोधतील.