रंगावर रंग

केसांना कलप लावण्याची चाल आपल्याकडे जुनी असली, तरी कलप लावणाऱ्याचा हेतू पूर्वी एकच असे : पांढऱ्याचे काळे करावे आणि ते कोणाच्या ध्यानात येऊ नये. अलीकडे या गुप्ततेची जागा हौसेने घेतली असून, वर्षानुवर्षे काळा कलप लावणाऱ्या गृहिणीलाही भाचीच्या लग्नापूर्वी आपले केस तांबूस, किंवा पार्लरच्या परिभाषेत ‘बरगंडी’, व्हावेत असे वाटू लागते. मग ती दुकानातून तांबड्या रंगाचे खोके आणते, सूचनांबरहुकूम लेप देते, आणि केस धुऊन आरशासमोर उभी राहते, तो मुळाशी दोन बोटे केस लालभडक झालेले आणि तेथून शेंड्यापर्यंत सारा केशसंभार पूर्ववत काळाच! दोष बहुधा खोक्याचा नसतो. नवा रंग चढला म्हणजे जुना नाहीसा होतो, या समजुतीचा असतो.

केसाच्या बाहेरच्या अंगाला कौलांप्रमाणे एकावर एक बसलेल्या खवल्यांचे आवरण असते, आणि आतल्या केराटिन नामक प्रथिनाच्या गाभ्यात केसाला नैसर्गिक वर्ण देणारे मेलॅनिन विखुरलेले असते. पॅरिसमध्ये १९०७ साली यूजेन शुएलर या तरुण रसायनज्ञाने कृत्रिम केशरंग सिद्ध केला आणि दोनच वर्षांनी त्याच्या विक्रीसाठी जी कंपनी काढली, तीच पुढे लॉरेआल म्हणून जगास ठाऊक झाली. आजच्या पक्क्या कलपात अमोनिया खवले फुलवून वाट मोकळी करतो, पॅरा-फेनिलीनडायअमीनसारख्या द्रव्यांचे सूक्ष्म रेणू त्या वाटेने आत शिरतात, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या योगाने तेथे एकमेकांशी जोडले जाऊन इतके मोठे होतात की आल्या वाटेने त्यांना परतता येत नाही.

हेच पेरॉक्साइड जाता जाता मेलॅनिनलाही फिकट करते. परंतु त्याची ही सत्ता नैसर्गिक रंगापुरतीच चालते, पूर्वीच्या कलपाचे जोडलेले रेणू त्याला फारशी दाद देत नाहीत. म्हणूनच नव्याने उगवलेली, कलप न लागलेली मुळे तांबडी होतात, टाळूच्या उष्णतेमुळे अधिकच भडकतात, आणि खालचे केस जागचे हलत नाहीत. सातबाऱ्यावर जुना बोजा कायम असताना जमीन निर्वेध होत नाही, त्यातलाच हा प्रकार होय.

हा बोजा उतरवण्याचे मार्ग दोन. कलप काढणारी क्षपणकारी द्रव्ये जोडलेले रेणू पुन्हा सुटे करतात. मात्र त्यानंतर केस भरपूर पाण्याने धुतले नाहीत, तर आत राहिलेले रेणू हवेतील प्राणवायूने पुन्हा गडद होतात. दुसरा मार्ग ब्लीचचा. तो कलपाबरोबर मेलॅनिनचाही नाश करतो आणि केस रुक्ष व सच्छिद्र करून सोडतो. पण तांबड्याची हौस असणाऱ्याला येथे एक सवलत आहे : काळा केस उजळताना आधी तांबडा, मग नारिंगी आणि शेवटी पिवळा होत जातो, तेव्हा त्याला पिवळ्यापर्यंत जाण्याचे कारणच नाही, अर्ध्या वाटेवर थांबले तरी काम भागते. याउलट, जे केस आधीच पिवळे केले आहेत, ते तांबडा रंग चटकन पितात आणि तितक्याच चटकन धुण्यात घालवतात.

मेंदीचा न्याय निराळा. तिच्या पानांतील लॉसोन केराटिनला चिकटते, पण केस उजळवण्याचे सामर्थ्य तिच्यात मुळीच नाही. त्यामुळे पांढऱ्या केसावर ती नारिंगी दिसते आणि काळ्या कलपावर उन्हात तेवढी तांबूस झाक देते. मात्र ‘काळी मेंदी’ म्हणून जी पूड विकली जाते, तिच्यात पुष्कळदा कलपाचेच रसायन असते. आणि ज्या मिश्रणांत धातूंचे क्षार असतात, त्यांच्यावर पेरॉक्साइड पडले तर केस तापून तुटण्याचीही धास्ती असते. यास्तव आधी आतल्या एका बटेवर रंग लावून पाहावा, आणि त्वचेला तो सोसतो की नाही, याची परीक्षा ४८ तास अगोदर घ्यावी.

केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे खांद्याखाली रुळणाऱ्या केसांचे टोक तीनेक वर्षांपूर्वीचे असते, आणि त्या काळात जे जे लावले, त्याची नोंद मुळापासून शेंड्यापर्यंत क्रमवार उतरलेली असते. जाणता कारागीर रंगाचे पुस्तक उघडण्याआधी ‘यापूर्वी काय लावत होता?’ असे विचारतो, ते या दप्तरासाठीच. त्या वेळी संकोचाने ‘छे हो, नुसती मेंदी!’ एवढीच जबानी देऊन भागत नाही. काळ्या पुडीचे नावही सांगावे लागते, कारण आपण दडवले ते केस थोड्याच वेळात सर्वांदेखत सांगणार असतात.